काचेच्या छपराखालचं पॅरिस : फ्लानरच्या वाटेने

आयफेल, लूव्र आणि व्हर्साय सोडूनही पॅरिसमध्ये चार दिवस भरगच्च जातात, फक्त हिंडायची तयारी हवी. या वेळचा सगळा बेत एका शब्दाभोवती आखला होता. फ्रेंचमध्ये 'फ्लानर' म्हणजे शहरात काही काम नसताना, कुठे पोचायचं नसताना, बघत बघत चालणारा माणूस. गेल्या दोनशे वर्षांत या शब्दाचा अर्थ अनेकदा पालटला. ज्या गल्ल्यांत आणि छपरांखाली तो पालटला, त्यांतल्या बऱ्याच अजून उभ्या आहेत, आणि त्यांत फिरायला तिकीट लागत नाही.

मुक्काम 'ग्राँ बुलव्हार' मेट्रो स्टेशनाच्या आसपास ठेवावा. पॅसेज म्हणजे काचेच्या छपराखालची, दोन्हीकडे दुकानं असलेली पायवाट. महत्त्वाचे बहुतेक जुने पॅसेज तिथून पायी वीस-पंचवीस मिनिटांच्या आत आहेत. नोव्हेंबर होता. दिवसभर आठ ते बारा अंश, मधूनमधून बारीक पाऊस आणि सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त. या कामाला हाच हंगाम चांगला. उन्हाळ्यात काचेखाली उकडतं, शिवाय दिवे लागलेला पॅसेज बघायला रात्री दहापर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर फाटकं बंद होतात.

शुक्रवार : पाले-रोयाल, व्हिव्हिएन, कोल्बेर

सुरुवात पाले-रोयालच्या बागेपासून केली, कारण फ्लानरची सुरुवातही तिथलीच. 1780 च्या दशकात ओर्लेआँच्या ड्यूकला पैशांची चणचण होती. त्याने आपल्या राजवाड्याच्या बागेभोवती तीन बाजूंनी कमानींचे सज्जे बांधले आणि खालचे गाळे भाड्याने दिले. जागा राजघराण्याची, त्यामुळे पोलिसांना आत सहज शिरता येत नसे. कॅफे, जुगाराचे अड्डे, पुस्तकवाले, सगळे तिथे जमले. चौथ्या बाजूला लाकडी फळ्यांची दुकानं उभी राहिली, ती 1828 पर्यंत टिकली. दोन्हीकडे दुकानं, मधे चालायला वाट आणि वर छप्पर, ही मांडणी लोकांच्या अंगवळणी पडली ती इथे.

हे इतकं नवलाचं का, ते तेव्हाचे रस्ते कसे होते हे कळल्याशिवाय ध्यानात येत नाही. पॅरिसमध्ये पदपथच नव्हते. ओदेओन नाट्यगृहासमोरच्या रस्त्याला 1781 मध्ये पदपथ मिळाले, शहरातल्या रस्त्यांमध्ये ते पहिले मानले जातात. बाकी ठिकाणी रस्त्याच्या मधोमध गटार, दोन्ही बाजूंनी भिंतीला घासून जाणाऱ्या घोडागाड्या आणि घोट्यापर्यंत चिखल. अशा रस्त्यावर माणूस जीव मुठीत धरून चालतो, दुकानाच्या काचेत काय मांडलंय ते बघत नाही. रमतगमत चालायला आधी पायाखाली कोरडी आणि सपाट जमीन लागते.

शब्दही याच काळात छापील पानांवर दिसू लागला. मूळ नॉर्मंडीच्या बोलीतलं. त्याच्याही मागे जुन्या नॉर्स भाषेतलं 'फ्लाना', म्हणजे डोकं न लावता इकडेतिकडे धावणं. 1806 च्या एका निनावी पुस्तिकेत मस्यू बोनोम नावाचा फ्लानर आहे, तो दुकानं, कॅफे आणि नवी बांधकामं बघत दिवस काढतो. दोनच वर्षांनी, 1808 मध्ये, सामान्य लोकांच्या बोलीचा एक कोश निघाला. त्यात फ्लानर म्हणजे आपला कंटाळा कुठे नेऊन टाकावा हे न कळणारा आळशी माणूस. थोडक्यात आपला रिकामटेकडा. तेव्हा ती शिवीच होती.

आज बागेत शांतता असते. बाकांवर डबा खाणारे कचेरीतले लोक, झाडांच्या कापलेल्या रांगा, आणि अंगणात 1986 मध्ये उभे केलेले काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे 260 खांब, त्यांवर चढणारी पोरं. पूर्वेकडच्या सज्जातून उत्तरेला बाहेर पडून रस्ता ओलांडला की गॅलरी व्हिव्हिएन या पॅसेजचं दार.

इथे वेळ द्यावा, निदान दीड तास. एका नोटरीने गुंतवणूक म्हणून 1823 मध्ये काम सुरू केलं आणि 1826 मध्ये गॅलरी उघडली. लांबी 176 मीटर, रुंदी जेमतेम तीन मीटर, म्हणजे तुळशीबागेतल्या बोळाएवढी. खाली दुकान, त्यावर बुटका अर्धमजला, त्यावर राहती घरं, आणि सगळ्यावर दुपाखी काचेचं छप्पर. कोपऱ्यावरच्या पुस्तकाच्या दुकानाची सुरुवातही 1826 चीच. दुकानाबाहेर लाकडी पेट्यांत जुनी पुस्तकं लावलेली असतात. ती चाळायला परवानगी लागत नाही, पण आत पाऊल टाकताना 'बाँजूर मादाम' किंवा 'बाँजूर मस्यू' म्हणावंच लागतं. न म्हणता थेट वस्तूला हात घातला तर इथे ते उद्धटपणाचं समजतात. दुकानदाराचा चेहरा पडतो आणि मग कितीही चांगलं बोला, तो खुलत नाही. पर्यटकांच्या 'फ्रेंच लोक तुसडे असतात' या तक्रारीचं मूळ बरेचदा या एका न उच्चारलेल्या शब्दात असतं.

जमीन नीट बघावी. इटलीतून आलेल्या फक्कीना या कारागिराच्या मोझॅकची आहे. लहान तुकडे वर्तुळांत आणि लाटांत बसवलेत. मधली वाट पायांनी घासून गुळगुळीत झाली आहे, कडेच्या तुकड्यांचे कंगोरे मात्र अजून बोटांना लागतात. दारातून पावसाचं पाणी आत येतं, त्यामुळे पहिली काही पावलं निसरडी असतात. चामडी तळाचे बूट घालू नयेत, रबरी तळ हवा.

शेजारचीच गॅलरी कोल्बेर याच गॅलरीशी स्पर्धा करायला 1826 मध्ये बांधली. घुमट मोठा, सजावट जास्त, तरी ती कधी चालली नाही. व्हिव्हिएन तग धरून राहिली, कारण पाले-रोयालकडून शेअर बाजाराकडे जाणाऱ्यांना ती सोयीची वाट होती. पॅसेज दोन गजबजलेल्या जागा जोडत असेल तरच जगतो. हा नियम पुढचे सगळे दिवस पडताळता आला. कोल्बेरमध्ये आता कलेतिहासाची राष्ट्रीय संस्था आहे. दारावर पिशवी तपासतात आणि सोडतात. गोल घुमटाखाली उभं राहून वर बघायला पाच मिनिटं पुरतात.

संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या रिशलिय ग्रंथालयात गेलो. दुरुस्तीनंतर ते 2022 मध्ये पुन्हा उघडलं. त्यातली लंबगोल वाचनखोली कुणालाही खुली आहे, ओळखपत्र नाही, पैसे नाहीत. इथे येण्याचं खरं कारण मात्र शेजारची लाब्रूस्त वाचनखोली. बारीक ओतीव लोखंडी खांब, त्यांवर नऊ घुमट, भिंतींच्या कमानींत रंगवलेली झाडांची शेंड्याकडची पानं. जर्मन विचारवंत वाल्टर बेंजामिन याने 1927 मध्ये पॅरिसच्या पॅसेजांवर टिपणं काढायला सुरुवात केली. 1930 च्या दशकात, परागंदा अवस्थेत, तो याच खोलीत बसून ती वाढवत राहिला. 1940 मध्ये नाझी फौजा आल्या तेव्हा त्याने कागद या ग्रंथालयात काम करणाऱ्या जॉर्ज बाताय याच्या हवाली केले आणि शहर सोडलं. त्याच सप्टेंबरात स्पेनच्या सरहद्दीवर पोर्टबू इथे त्याने आयुष्य संपवलं. कागद वाचले, आणि 1982 मध्ये ग्रंथरूपाने छापले गेले. फ्लानर आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जातो तो मुख्यतः या टिपणांमुळे. या खोलीत आता कलेतिहासाचं ग्रंथालय आहे, बसून वाचायला वाचकपत्र लागतं.

*फिरताना उपयोगी :* पॅसेज खासगी मालकीचे असतात आणि त्यांना फाटकं असतात. व्हिव्हिएनचं सकाळी साडेआठला उघडतं आणि रात्री आठला बंद होतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून रविवार पॅसेजांवर खर्च करू नये.

शनिवार : पानोरामा, झुफ्रुआ, व्हेर्दो

हे तीन पॅसेज एका रेषेत आहेत. एकातून बाहेर पडायचं, रस्ता ओलांडायचा, दुसऱ्यात शिरायचं. सरळ चाललं तर दहा मिनिटांचं काम, नीट बघितलं तर सकाळ पुरत नाही. रीत अशी ठेवावी : जाताना फक्त डावीकडची दुकानं बघायची, परतताना दुसरी बाजू. दोन्हीकडे एकदम बघत गेलं की काहीच मनात राहत नाही. आणि निदान एकदा संपूर्ण लांबी मान वर करून चालावी, गर्दी नसताना.

पॅसेज दे पानोरामा 1799-1800 चा. दारावर दोन मोठे गोल मनोरे होते. आत भिंतभर गोलाकार रंगवलेली शहरांची आणि लढायांची चित्रं, त्यावरून हे नाव. मनोरे 1831 मध्ये पाडले. पॅरिसमध्ये गॅसचे दिवे आले तेव्हा अगदी सुरुवातीला ते लागले त्या जागांत हा पॅसेज होता, 1817 च्या सुमारास. या दिव्यांनी दिवस लांबला. अंधार पडल्यावर रस्त्यावर राहणं धोक्याचं होतं, इथे मात्र उजेडात, कोरड्या जमिनीवर, नाटक सुटेपर्यंत हिंडता येऊ लागलं. व्हारिएते नाट्यगृहाचं कलाकारांचं दार आजही याच पॅसेजच्या पोटात उघडतं.

जुन्या पॅसेजांचं छप्पर लाकडी असे आणि त्यात अंतराअंतरावर खिडक्या. लोखंड स्वस्त झाल्यावर बारीक कांब्यांवर सलग काच आली आणि उजेड एकदम वाढला. काच जिथे भिंतीला भिडते तो सांधा या बांधकामाचं कायमचं दुखणं. उन्हाने लोखंड फुगतं, थंडीत आकसतं, सांध्यातलं लुकण सुटतं आणि पाणी भिंतीवरून उतरतं. भिंतीच्या वरच्या पट्टीवर पिवळट ओघळ दिसले की सांधा गेला म्हणून समजावं. पानोरामाच्या बाजूच्या अरुंद गल्ल्यांत ते जागोजागी दिसतात.

पोस्टाच्या तिकिटांची दुकानं ही पानोरामाची जुनी ओळख, अजून काही टिकून आहेत. त्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराजवळ जुन्या पोस्टकार्डांचे खोके होते, पॅरिसच्या वीस विभागांप्रमाणे लावलेले, विभागात पुन्हा रस्त्याप्रमाणे. तो पहिलाच प्रश्न विचारतो, "कुठला रस्ता?" मुक्कामाच्या रस्त्याचं नाव सांगितलं तर मिनिटभरात तीन कार्डं समोर ठेवली, 1900 ते 1910 च्या दरम्यानची. किंमत कशावर ठरते हेही त्याने समजावलं. नुसती इमारत असेल तर स्वस्त, दुकानदार आपल्या दारात उभा असेल तर महाग, आणि दुकानाची पाटी वाचता येत असेल तर आणखी महाग. पॅरिसची आठवण म्हणून यापेक्षा चांगली वस्तू नाही. कार्ड घेऊन त्याच जागी उभं राहायचं आणि शंभर वर्षांत काय हललं ते ताडून बघायचं. खिडक्यांचे कठडे आणि वरचे मजले जवळपास तसेच असतात. तळमजला मात्र ओळखू येत नाही.

बुलव्हार मोंमार्त्र ओलांडला की झुफ्रुआ, 1840 च्या दशकातला, पूर्ण लोखंड-काचेचा आणि जमिनीखालून उबेची सोय केलेला. आत मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयाचं बाहेर पडण्याचं दार, हातातल्या काठ्यांचं दुकान, आणि वळणावर 1846 पासूनचं एक छोटं हॉटेल. हे वळण आणि तिथल्या पायऱ्या जागेच्या मालकीमुळे आल्या. सरळ पुढची जमीन मिळाली नाही, म्हणून वाट मोडून खाली उतरवली. पुढचा व्हेर्दो त्याच काळातला, जास्त शांत. जुनी पुस्तकं, छापचित्रं, कॅमेरे.

फ्लानरला मान मिळाला तो या पॅसेजांच्या भरभराटीत. 1841 मध्ये लुई ह्युआर याने फ्लानरवर एक खिशात मावणारं सचित्र पुस्तक काढलं. त्यात रस्त्यावर दिसणाऱ्या माणसांचे प्रकार पाडून खरा फ्लानर कोण आणि कोण नाही हे ठरवलंय. 1858 मध्ये व्हिक्तोर फुर्नेल याने हा भेद आणखी नेमका केला. फ्लानर पाहतो तेव्हा स्वतःला विसरत नाही. दुसरा एक असतो, 'बादो', तो जे समोर येईल त्यात हरवून जातो, त्याचं स्वतःचं काही उरतच नाही. मराठीत या दुसऱ्याला नेमका शब्द आहे, बघ्या. अपघाताभोवती गोळा होते ती बघ्यांची गर्दी. तिच्या कडेला उभा राहून अपघाताइतकंच त्या गर्दीकडेही लक्ष देणारा तो फ्लानर. रिकामटेकड्यापासून इथवर शब्दाने पन्नासेक वर्षांत मजल मारली. हा चढ पॅसेजांशिवाय झाला नसता असं माझं ठाम मत आहे. पाहणाऱ्याला रेंगाळायला जागा मिळाली, म्हणून पाहण्याला किंमत आली.

1840 च्या सुमारास काही शौकीन या पॅसेजांत कासव दोरीला बांधून फिरायचे, चालीचा वेग त्याच्यावर सोपवून, असं बेंजामिनने नोंदवलंय.

दुपारचं जेवण जवळच्या बुयाँ शार्तिएमध्ये. 1896 पासूनचं, कामगारांना स्वस्तात गरम जेवण द्यायला निघालेलं. उंच काचेचं छत, पितळी फळ्या, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांचे रुमाल ठेवायचे नंबर घातलेले लाकडी कप्पे. वेटर मागणी टेबलावरच्या कागदावर लिहितो आणि शेवटी बेरीजही तिथेच करतो. अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसवतात. शेजारच्या आजींनी पानं उलटायच्या आधीच सांगितलं की लीकच्या देठांचं व्हिनेग्रेट आणि अंड्याचं मेयोनेझ घ्या, बाकी सगळं पोट भरायला आहे. दोन्ही सुरेख होतं. आरक्षण घेत नाहीत. साडेअकराला उघडतं तेव्हाच पोचलं तर रांग लहान असते, एक वाजता ती अंगणाबाहेर जाते.

दुपारी द्रुओ लिलावघर, पाच मिनिटांवर. लिलावाच्या आदल्या दिवशी मांडलेल्या वस्तू कुणालाही फुकट बघता येतात. कुणाच्या तरी घरातलं सगळं, झुंबरापासून चमच्यांपर्यंत, चिठ्ठ्या लावून ठेवलेलं असतं. जाण्याआधी कुठल्या खोलीत काय आहे ते त्यांच्या वेळापत्रकात बघून घ्यावं.

रविवार : मारे, सँ-लुई बेट, नदीकाठ

सकाळी मारे या जुन्या भागातलं कार्नाव्हाले, पॅरिसच्या इतिहासाचं संग्रहालय. कायमचं दालन विनामूल्य, सोमवारी बंद. सुरुवातीलाच दुकानांच्या जुन्या पाट्यांची खोली आहे. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा पत्ता सांगायचा तो पाटीवरून : सोन्याच्या सिंहाजवळ, काळ्या मांजरासमोर. लोखंडाच्या मोठाल्या किल्ल्या, कात्र्या, बूट टांगलेले आहेत.

आजचे क्रमांक 1805 मध्ये आले, आणि त्यांची पद्धत समजली की नकाशा खिशात ठेवता येतो. नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यावर क्रमांक नदीकडून सुरू होतात. नदीला समांतर रस्त्यावर ते प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. वाढत्या क्रमांकांच्या दिशेने तोंड केलं की विषम डावीकडे आणि सम उजवीकडे. म्हणजे दोन दारांवरचे आकडे बघितले की नदी कुठल्या बाजूला आहे ते कळतं. रस्त्याच्या निळ्या पाटीवर वर विभागाचा आकडा असतो, आणि विभाग मध्यातून गोगलगाईच्या शंखासारखे उजवीकडे फिरत बाहेर जातात. एवढ्यावर दिवसभर न चुकता हिंडता येतं. फोनवरचा नकाशा उघडला की तो जवळची वाट दाखवतो, आणि जवळच्या वाटेवर काही सापडत नाही. वर आणखी एक गोष्ट : रस्त्यात थांबून फोन हातात धरणाऱ्याकडे खिसेकापूंचं लक्ष आधी जातं.

जेवण र्‍यू दे रोझिएवर फलाफल. हा ज्यू लोकांचा जुना रस्ता. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संपेपर्यंत बरीच दुकानं बंद आणि रविवारी उघडी, इतर पॅरिसच्या उलट. तळलेली वांगी, लाल कोबी, ताहिनी. हातात धरून चालत खाता येत नाही, सगळं सांडतं. भिंतीला टेकून खावं.

मारी पुलावरून सँ-लुई बेटावर. केए दांझू या नदीकाठच्या रस्त्यावरच्या 17 क्रमांकाच्या ओतेल द लोझँ या वाड्याच्या वरच्या मजल्यावर कवी शार्ल बोदलेर 1843 ते 1845 राहिला. इमारत बंद असते, बाहेरूनच बघायची. पावसाचं पाणी खाली आणणारे नळ मात्र जवळ जाऊन बघावेत. सोनेरी मुलामा दिलेले, खवल्यांचे, डॉल्फिन माशांच्या तोंडांचे. बोदलेरने 1863 मध्ये आधुनिक जीवन रंगवणाऱ्या चित्रकारावर एक दीर्घ निबंध छापला. निमित्त होतं कोंस्तांतँ गी नावाचा चित्रकार. फ्लानर त्यात कलावंत झाला. गर्दी हे त्याचं घर, घराबाहेर राहून सगळीकडे घरच्यासारखं वाटणारा, सगळ्यांना बघणारा आणि कुणाला न दिसणारा.

'कुणाला न दिसणारा' यातच अडचण आहे. हे फक्त पुरुषाला शक्य होतं. एकटी, रेंगाळत चालणारी बाई सगळ्यांना दिसायची आणि तिच्याविषयी लगेच मत बनायचं. फ्रेंच कोशांत 'फ्लानझ' या स्त्रीलिंगी रूपाचा एक अर्थ रेलून बसायची खुर्ची असा आहे. 1800 च्या पोलीस फर्मानाप्रमाणे बाईला पँट घालायला परवाना लागायचा. तो हुकूम बाद झाल्याचं सरकारने अधिकृतपणे सांगितलं 2013 मध्ये. लेखिका जॉर्ज साँड 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला पुरुषी कोट, टोपी आणि लोखंडी टाचांचे बूट घालून पॅरिसभर हिंडली, आणि आपल्याला कुणी बघत नाही याचा आनंद तिने लिहून ठेवलाय. नंतर ती राहिली ते घर डाव्या तीरावर, केए मालाकेवर. बेटावरून नदीकाठाने पश्चिमेला चालत गेलं की ते लागतं.

त्या चालीत बुकिनिस्तांच्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या पुस्तकवाल्यांच्या, हिरव्या पेट्या लागतात, कठड्याला कायमच्या जडवलेल्या. 1891 पासून त्या रात्रीही तिथेच ठेवायची परवानगी आहे. पाऊस असला की निम्म्याहून जास्त बंद. 2024 च्या ऑलिम्पिकच्या उद्घाटनासाठी शेकडो पेट्या हलवायचा घाट घातला होता, विरोध झाला आणि तो सोडून द्यावा लागला. पुढच्या रांगेत टांगलेली चुंबकं आणि छापील चित्रं पर्यटकांसाठी असतात. खरा माल मागे, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. एका पेटीवाल्या बाईंकडे फक्त समुद्रप्रवासाची पुस्तकं होती. विक्रीपेक्षा गप्पांत रस. "घाई असेल तर पुढची पेटी बघा," असं त्या एकाला सरळ म्हणाल्या.

*फिरताना उपयोगी :* हिरव्या लोखंडी वॉलेस कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं. ती 1872 पासूनची आहेत आणि कडक थंडीत बंद ठेवतात. रस्त्यावरची राखाडी स्वच्छतागृहं फुकट. प्रत्येक वापरानंतर ती आतून धुतली जातात, आधीचा माणूस बाहेर आल्यावर दार लागू द्यावं, नाहीतर आत असताना पाणी सुटेल. कॉफी काउंटरवर उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलावर महाग. पण एका कॉफीवर टेबलाशी तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. मेट्रोचं तिकीट 2025 मध्ये 2.50 युरो होतं, बस-ट्रामचं 2 युरो. दमल्यावर बस घ्यावी, खिडकीतून बघणं चालू राहतं.

सोमवार : केर, ग्राँ-सेर आणि फोबूर सँ-दनी

सोमवारी कामाचे पॅसेज. पॅसेज द्यु केर 1798 चा, टिकलेल्यांत सगळ्यात जुना आणि सगळ्यात लांब. नेपोलियनच्या इजिप्त स्वारीचं तेव्हा शहराला वेड होतं, म्हणून नाव कैरोचं आणि चौकाच्या दर्शनी भिंतीवर हाथोर देवीची तीन भलीमोठी मुखं. आत कपड्यांचे घाऊक व्यापारी आणि दुकानांना लागणारे पुतळे विकणारे. बिनडोक्याचे, बिनहाताचे धड रांगेने उभे. इथे कुणी पर्यटकाची वाट बघत नाही. गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्यांना वाट द्यावी, मधोमध फोटो काढत उभं राहू नये. फोटो काढण्याआधी दुकानदाराला विचारावं.

तिथून पाच-सात मिनिटांवर ग्राँ-सेर. उंची बारा मीटर, वरून एका बाजूच्या घरातून दुसऱ्या बाजूला जाणारे लोखंडी पूल. केरमधून थेट इथे आलं की फरक अंगावर येतो. तिथे हवा कोंदट आणि इथे उजेड ओतलेला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला असे पॅसेज शंभराहून जास्त होते, आज वीसेक उरलेत. 1853 ते 1870 या काळात शहराचा कारभार पाहणाऱ्या ओसमानने शहर उभंआडवं कापून रुंद रस्ते आणि ऐसपैस पदपथ काढले. पाठोपाठ सगळं एकाच जागी विकणारी मोठी वस्तुभांडारं आली. कोरडी, सपाट जमीन आता सगळीकडेच मिळू लागल्यावर पॅसेजचं कारणच संपलं. बेंजामिनच्या मते वस्तुभांडार हा फ्लानरचा शेवटचा मुक्काम, तिथे त्याचं रेंगाळणंही विक्रीच्या कामी लागलं. हे बरोबर आहे, पण अर्धंच. रस्ता त्यातून सुटतो. ते बघायला 1672 च्या सँ-दनी कमानीखालून उत्तरेला फोबूर सँ-दनीवर चालत जावं.

डावीकडे-उजवीकडे तुर्की भाकरीच्या भट्ट्या. थोडं आत, शातो-दो मेट्रोभोवती आफ्रिकी केशकर्तनालयं, दारात उभं राहून गिऱ्हाईक ओढणारी पोरं. मधेच पॅसेज ब्राडी, 1828 चा, भारतीय-पाकिस्तानी खानावळींचा. आत शिरताच जिऱ्याच्या फोडणीचा वास येतो. हॉटेलांतलं जेवण बेतास बात, फ्रेंच जिभेसाठी तिखट कमी केलेलं. किराणा मात्र घ्यावा. हिंग, गूळ आणि पोहे हमखास मिळतात. दारातला पोऱ्या मेनूकार्ड घेऊन मागे लागतो. हिंदीत "नंतर बघू" म्हटलं की हसून सोडतो.

आणखी वीस-पंचवीस मिनिटं वर चाललं की गार द्यु नोर हे रेल्वे स्टेशन मागे पडतं आणि ला शापेल येतं, श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची वस्ती. साड्या, सोनं, केळीची पानं, कढीपत्त्याच्या जुड्या. पाट्या तमिळमध्ये आणि फ्रेंचमध्ये. इथे डोसा खावा, ब्राडीपेक्षा कितीतरी चांगला. र्‍यू पाजोलवर माणिक विनायकर हे गणपतीचं देऊळ आहे. बाहेरून साधी इमारत, चपलांची रांग बघून ओळखायची. दुपारी बंद असतं, संध्याकाळच्या आरतीला जावं. पुजाऱ्यांजवळ रथाची चौकशी केली. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी गणपतीचा रथ या रस्त्यांवरून निघतो, आधी रस्ते हळदीच्या पाण्याने धुतात, आणि चौकाचौकात नारळांचे ढीग फोडले जातात. पदपथावर दोन्ही बाजूंनी पॅरिसकर दाटीवाटीने उभे असतात. त्या दिवशी यायचं असेल तर तारीख देवळाकडून आधी विचारून घ्यावी, सकाळी नऊच्या आत पोचावं, आणि जुने बूट घालावेत. नारळाच्या पाण्याने रस्ता चिकट होतो आणि करवंट्या पायात येतात.